निर्वासित विद्यार्थ्यांचं अ‍ॅडमिशन, ओरिजिनल मार्कशीट नाहीये, काय करायचं?

प्रवेश_खिडकी:
मी युनिव्हर्सिटीच्या अ‍ॅडमिशन ऑफिसात आहे. यंदा काही निर्वासित मुलांचे अर्ज आलेत, फी माफीला वरून होकार आहे पण ओरिजिनल मार्कशीट कुणाकडेच नाही, एकाकडे नुसता मोबाईलमधला फोटो. साहेब म्हणतात त्यांच्या जुन्या कॉलेजला मेल टाकून व्हेरिफाय करा. टाकू का? आणि फी सोडून अजून काय बघावं लागतं?

शिक्का_मोर्तब:
मेल अजिबात नको! निदान त्या मुलाला विचारल्याशिवाय तरी नाहीच. कॉलेज सरकारी असेल तर तो कुठे आहे हे ज्यांच्यापासून पळाला त्यांनाच कळायचं, आणि घरचे अजून तिकडेच असतात. कागद नाहीत म्हणून अर्ज बाद करायचीही गरज नाही, पदव्या-शिक्षणाला देशादेशांत मान्यता देण्याबद्दलच्या १९९७ च्या लिस्बन कराराचं कलम ७ नेमकं हेच सांगतं की कागद नसले तरी निर्वासितांची पात्रता तपासायची सोय ठेवा. कौन्सिल ऑफ युरोपचा क्वालिफिकेशन पासपोर्ट, म्हणजे निर्वासिताचं शिक्षण तपासून दिलेला दाखला, त्याच धर्तीवरचा, असतील ते कागद बघतात, जाणकार लोक मुलाखत घेतात, ५ वर्षं चालतो. त्यानं अ‍ॅडमिशन पक्कं होत नाही हां, पण साहेबांना फाइलला लावायला काहीतरी मिळतं, आणि ऑफिसला तेवढंच तर हवं असतं :)

हिशोबी:
फी माफ केली की लोक हात झटकतात. राहणं, खाणं, प्रवास, लॅपटॉप कोण देणार? यूएनएचसीआरची, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेची, निर्वासित विद्यार्थ्यांसाठीची डाफी स्कॉलरशिप १९९२ पासून आहे, तिच्यात फीबरोबर राहण्याखाण्याचे पैसेही येतात ते उगाच नाही. कॅनडात डब्ल्यूयूएससी या संस्थेचा निर्वासित विद्यार्थ्यांसाठीचा प्रोग्राम १९७८ पासून चालू आहे, तिथे कॅम्पसवरची मुलंच पैसे उभे करतात आणि नव्या मुलाला बँक खातं उघडण्यापासून सोबत करतात. मला तर हे जास्त पटतं, कारण खरी अडचण सोमवारी सकाळी कुठल्या खिडकीवर जायचं इथपासून असते.

प्रवेश_खिडकी:
थँक्स दोघांनाही, मेल थांबवते. मुलाखत आमच्याच डिपार्टमेंटने घेतली तर चालेल?

शिक्का_मोर्तब:
तुमच्या नियमात बसत असेल तर घ्या की. फक्त प्रश्न अभ्यासाचे विचारा, कुठले विषय होते, प्रॅक्टिकलला काय करायचात, परीक्षा कशी असायची. पळून का आलास हे अजिबात नको, ते त्याने आधीच दहा टेबलांवर सांगितलेलं असतं.