स्कॉटलंडमधलं ७०७ चं नाक: बाबा म्हणतात 'आपलंच', पण नक्की कोणाचं?

डोंबिवलीकर_सध्या_एडिनबरा

नमस्कार मंडळी. मागच्या रविवारी पोरांना कॉन्कॉर्ड दाखवायला ईस्ट फॉर्च्यूनच्या विमान संग्रहालयात नेलं. पोरं पाच मिनिटांत कंटाळली आणि खायला मागायला लागली. मी मात्र दुसऱ्याच वस्तूपाशी अडकलो. बोइंग ७०७, पण नुसतं तोंड. कॉकपिट, त्यामागचा थोडा भाग, आणि मग पाव कापावा तसं सपाट संपलेलं.

फोटो काढून बाबांना पाठवला. बाबा १९६३ ते १९९९ एअर इंडियात, सांताक्रूझच्या हँगरमध्ये. दोन मिनिटांत फोन आला. "अरे, हे आपलं आहे. मी ह्याच्या नाकाखाली बसून डबा खाल्लाय."

म्हटलं बाबा, ते बीओएसीचं, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटिश विमान कंपनीचं आहे. तर म्हणे, "रंग काय, उद्या तूही बदलशील. नाक बदलतं का? आणि रोल्स-रॉइसचं इंजिन लावलेली ७०७ होती कोणाकडे? आमच्याकडे आणि त्यांच्याकडे." आता फोटोत इंजिनच नाही, पंखसुद्धा नाहीत, पण हे त्यांना कोण सांगणार! वय ८४, आवाज अजून हँगरमधलाच.

तर जाणकारांना प्रश्न असा: पुढचा एवढाच तुकडा उरला असेल, तर विमान मुळात कोणासाठी बनलं होतं हे कशावरून ओळखायचं? तोंडी वाद मी आयुष्यात जिंकलेलो नाही. पुरावा हवाय.

रिव्हेटमोजे

काकांना नमस्कार सांगा. पण 'नाक बदलत नाही' हाच सगळा घोटाळा आहे. बोइंगने ७०७ चं कॉकपिट पुढे ७२७ ला आणि ७३७ ला जवळजवळ तसंच वापरलं. समोरच्या काचा तशाच, वर भुवयांसारख्या छोट्या खिडक्याही तशाच. तिघांच्या वरच्या भागाची रुंदीही एकच, १४८ इंच. त्यामुळे नुसत्या चेहऱ्यावरून एअर इंडिया की बीओएसी हे सोडाच, कापलेलं कॉकपिट ७०७ चं की ७२७ चं, इथेही लांबून माणूस फसतो.

बघायची ती धातूची पट्टी. बोइंगमध्ये ती बहुतेक डाव्या बाजूच्या पुढच्या दाराच्या चौकटीत असते. तिच्यावर मॉडेल आणि कारखान्याचा अनुक्रमांक असतो. (भंगारात काढताना आठवण म्हणून हीच पट्टी आधी पळवतात, ते वेगळं.) ती नसेल तर कॉकपिटमध्ये वैमानिकासमोर नोंदणीची अक्षरं लिहिलेली छोटी पाटी शोधा. सेलकॉलची (रेडिओवरून नेमक्या त्याच विमानाला हाक मारायचा कोड) चार अक्षरं मिळाली तर तीही टिपून घ्या, पण जपून. जुन्या विमानाचा कोड पुढे दुसऱ्याला देतात.

मॉडेल मिळालं की शेवटचे दोन आकडे वाचा. बोइंग प्रत्येक गिऱ्हाइकाला एक क्रमांक द्यायची. बीओएसीला ३६, एअर इंडियाला ३७. विमान पुढे दहा जणांना विकलं तरी तो क्रमांक तोच राहतो. म्हणजे ७०७-४३६ असेल तर त्यांचं, ७०७-४३७ असेल तर आपलं. एअर इंडियाची जंबो ७४७-२३७बी होती, तीही ह्याच हिशोबाने.

आणि रंगाचे थर बघण्यासाठी पॉलिश पेपर घेऊन जाऊ नका. हे गमतीत म्हणत नाहीये, एकाने विचारलं होतं.

कॉनवेप्रेमी

इथे पट्टीची गरज नाही, ह्या तुकड्याचा प्रवास माहीत आहे. ह्याची नोंदणी जी-एपीएफजे, बोइंग ७०७-४३६. बीओएसीने घेतलेलं, नंतर ब्रिटिश एअरटूर्सकडे गेलं आणि मग कॉसफर्डच्या संग्रहालयात अख्खं उभं होतं. तिथला ब्रिटिश एअरवेजचा संग्रह २००६ मध्ये मोडीत निघाला तेव्हा हेही कापलं आणि तोंड तेवढं स्कॉटलंडला आलं. अख्खं ७०७ कापायचं हा निर्णय मला आजही पटलेला नाही. पण उघड्यावर पंचवीस वर्षं इंग्लंडचा पाऊस खाल्लेल्या अॅल्युमिनियमचं दुसरं काय करणार, हेही कळतं.

काकांच्या इंजिनाच्या मुद्द्यात दम आहे, फक्त यादी अपुरी आहे. कॉनवे ह्या रोल्स-रॉइस इंजिनाची ७०७-४२० (ही मालिका, ४३६ आणि ४३७ तिच्यातलीच) एकूण ३७च बनली आणि ती लुफ्तान्सा, व्हारिग, एल अल ह्यांच्याकडेही होती. ब्रिटिशांनी परवाना देताना शेपटाची उंची वाढवायला लावली होती. शेपूट असतं तर त्यावरही दोन ओळी लिहिल्या असत्या.

पार्ल्याची_मेधा

काकांची बाजू कोणीतरी घ्या की! बीओएसीची विमानं सांताक्रूझला येतच होती. शेजारच्या जागेवर उभ्या विमानाच्या सावलीत डबा खाल्ला असेल तर त्यात खोटं काय?

बाकी ७०७-४३७ म्हटलं की आमच्या घरी अजून आवाज खाली येतो. जानेवारी १९६६ मध्ये आल्प्समधल्या माँ ब्लां शिखरावर आदळलेलं 'कांचनजंगा' त्यातलंच. होमी भाभा त्यातच गेले.

डोंबिवलीकर_सध्या_एडिनबरा

सगळ्यांचे आभार. काल रात्री फोन केला आणि मोठ्या ऐटीत छत्तीस-सदतीसचं गणित सांगितलं. पलीकडे जरा शांतता. मग, "हे तू मला शिकवतोयस? पार्ट मागवायच्या फॉर्मवर सदतीस मी लिहायचो. रोज."

मग 'आपलं' का म्हणालात, असं विचारलं, तर, "कॉनवेवालं ते आपलं. त्यांच्या माणसांना एखादा पार्ट कमी पडला तर ते आमच्याकडेच यायचे." मेधाताईंचा मुद्दा सांगितला तो मात्र एकदम आवडला. पोरगी हुशार आहे म्हणे.

आता मला काम लावलंय. कॉकपिटच्या छताला सेक्स्टंटसाठी एक भोक असायचं, त्यातून नॅव्हिगेटर रात्री तारे बघून विमान कुठे आहे ते काढायचा. ते भोक ह्यात शिल्लक आहे की पत्रा मारून बुजवलंय, एवढं बघून यायचं. आत सोडत नसतील तर संग्रहालयाच्या माणसाला नीट विचारायचं, "आणि मी लाइन मेंटेनन्सला होतो हे सांग."

रविवारी परत जातोय. पोरांनी साफ नकार दिलाय.