आईला फुफ्फुसाचा कॅन्सर, एनजीएस रिपोर्टसाठी थांबू की केमो सुरू करू?

कोपरीकर:
नमस्कार मंडळी, आई ६२ वर्षांची, कधी तंबाखूला हात लावला नाही आणि बायोप्सीत अॅडेनोकार्सिनोमा (फुफ्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकार) आलाय, चौथी स्टेज. डॉक्टर म्हणतात आधी एनजीएस पॅनल, म्हणजे गाठीच्या डीएनएमधले बदल शोधणारी तपासणी करा, रिपोर्टला दोन-तीन आठवडे लागतील. मामा म्हणतो एवढं थांबायचं नाही, उद्याच केमो लावा. त्यात एका नातेवाइकाने थुंकीवर होणाऱ्या जीन टेस्टची लिंक पाठवलीय, स्वस्त आहे, ती चालेल का? काहीच सुचत नाहीये.

खारघरची वहिनी:
दादा, ती थुंकीची टेस्ट नको. त्यात जन्मापासूनचे जीन्स दिसतात, आपल्याला बघायचाय तो गाठीच्या पेशींत नंतर झालेला बदल. माझ्या सासूबाईंचाही सिगरेट-मिश्रीशी संबंध नव्हता, ईजीएफआर नावाच्या जीनमधला बदल निघाला आणि त्यावरच्या ऑसिमर्टिनिबची रोज एक गोळी सुरू झाली, केमोची गरजच पडली नाही. ते थांबणं फार जड जातं हो, पण आई खातपीत असेल तर थांबा. दम वाढला, तब्येत खालावली तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, अशा वेळी ते रिपोर्टची वाट बघत नाहीत.

महापे लॅबवाला:
मी बायोइन्फॉर्मेटिक्समध्ये आहे, दिवसभर हेच काम. मशीनमधून डीएनएचे लाखो छोटे तुकडे वाचून येतात, ते रेफरन्स जीनोमवर, म्हणजे माणसाच्या डीएनएच्या प्रमाण नमुन्यावर जुळवायचे आणि कुठे अक्षर बदललंय, कुठे तुकडा गळालाय ते शोधायचं, मग तो बदल खरा की मशीनची चूक हे तपासायचं. ईजीएफआरच्या १९व्या एक्सॉनमधला (जीनच्या एका भागातला) तुकडा गळालेला असला किंवा त्याच जीनमधला एल८५८आर नावाचा बदल असला तर त्यावर गोळ्या आहेत, एएलके आणि आरओएस१ या जीन्समधल्या बदलांसाठी वेगळ्या. रिपोर्टमध्ये व्हीयूएस लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका, त्या बदलाचा अर्थ अजून लागलेला नाही, त्यावरून औषध ठरवत नाहीत.
आता मुख्य गोष्ट, बायोप्सीचा मेणाचा ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, एनजीएस त्यावरच होतं) कुठे आहे? पॅथॉलॉजीत जाऊन तो आणि स्लाइड्स मागून घ्या, सही करून देतात. उन्हात गाडीत ठेवू नका, मेण वितळतं. आणि रिपोर्टच्या आधी कोणी इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं औषध) सुचवली तर ऑन्कोलॉजिस्टशी नीट बोला, तिच्यानंतर लगेच ऑसिमर्टिनिब दिलं तर फुफ्फुसाला सूज यायचा धोका वाढतो, म्हणून आधी रिपोर्ट.

कोपरीकर:
खूप आभार दोघांचे. ब्लॉक इथेच ठाण्यात आहे, उद्या सकाळी जातो. पण सॅम्पल फार छोटं आहे म्हणत होते, कमी पडलं तर परत सुई टोचावी लागेल का?

महापे लॅबवाला:
लगेच नाही. रक्तावर लिक्विड बायोप्सी होते, गाठीतून सुटलेला डीएनए रक्तात सापडतो. त्यात बदल सापडला तर त्यावर औषध सुरू करता येतं. निगेटिव्ह आलं तर मात्र बदल नाहीच असं धरू नका, गाठीने रक्तात पुरेसा डीएनए सोडलेला नसू शकतो, तेव्हा दुसऱ्या बायोप्सीचं डॉक्टरांना विचारा.