पावसात लाइन तुटते: लिनक्सवर नेटवर्कमॅनेजर की सिस्टमडी-नेटवर्कडी?

खाडीकाठ (मालवण):
आमच्या होमस्टेचा बुकिंगचा लॅपटॉप डेबियन या लिनक्सवर आहे. राउटरची केबल आणि सोबतीला मोबाइलचा हॉटस्पॉट, दोन्ही जोडलेले. परवा वाऱ्यात झावळी पडून फायबर तुटली. राउटरवर एलओएसचा (फायबरमधून सिग्नल येत नाही, असं सांगणारा) लाल दिवा, पण राउटर ते लॅपटॉप केबल धड, म्हणून लॅपटॉप केबललाच धरून बसला. हॉटस्पॉट असून एक पान उघडेना.

माझं मत स्पष्ट आहे: जोडण्या सांभाळायला इथे नेटवर्कमॅनेजर हाच प्रोग्राम हवा. तो केबलला १०० आणि वाय-फायला ६०० मेट्रिक देतो. आकडा लहान तो रस्ता पहिला. नेट खरंच पोचतंय का, ही तपासणी चालू केली की अडलेल्या जोडणीच्या आकड्यात तो २०,००० मिळवतो आणि सगळं आपोआप वाय-फायवरून जायला लागतं. डेबियनवर त्यासाठी वेगळं पॅकेज टाकावं लागतं, तेच माझं राहिलं होतं.

कातळसडा (देवगड):
मला पटत नाही. कलमांच्या बागेतल्या शेडमध्ये माझं यंत्र सिस्टमडी-नेटवर्कडी या दुसऱ्या प्रोग्रामवर चालतं, वाय-फाय जोडायला सोबत आयडब्ल्यूडी हा वेगळा प्रोग्राम. चार ओळींची फाइल; वर्षभराने उघडली तरी काय लिहिलंय ते कळतं. मेट्रिक त्यातही लिहिता येतं. आणि तुमची ती तपासणी मुळात ३०० सेकंदांनी होते. तोवर पाहुण्याने फोन धरून बसायचं? शिवाय सारखं बाहेरच्या सर्व्हरला विचारत राहायचं, हेही मला नको.

खाडीकाठ:
३०० चे ६० करता येतात, आजच केले. मेट्रिक तुम्ही लिहाल, पण तो आकडा ठरलेला. केबल उपटली तर नेटवर्कडीला कळतं. फायबर राउटरच्या पलीकडे तुटली तर त्याला पत्ता नसतो. कोकणात लाइन पलीकडेच तुटते हो! आणि मी रत्नागिरीला गेलो की घरी आई असते. तिला कोपऱ्यातल्या चिन्हावर क्लिक करून हॉटस्पॉट निवडता येतो. फाइल तिने उघडायची का?

कातळसडा:
पिंग करून, म्हणजे बाहेरून उत्तर येतं का ते पाहून, मेट्रिक बदलणारी छोटी स्क्रिप्ट लिहायची, ती ठरावीक वेळाने चालवायला टायमर लावायचा.

खाडीकाठ:
म्हणजे नेटवर्कमॅनेजर जे करतो तेच हाताने करायचं. तुम्हाला जमेल. पण बिघडलं तर दुरुस्त कोण करणार?

सुरंगी (गुहागर):
भांडा, पण एकाच नेटवर्क कार्डावर हे दोन्ही प्रोग्राम सोडू नका. एका शाळेच्या लॅबमध्ये मी हे निस्तरलंय: दोघेही डीएचसीपीकडे (यंत्रांना नेटवर्कचा पत्ता देणारी सेवा) पत्ता मागत होते, रूट म्हणजे नेटचे रस्ते सारखे बदलत होते, आणि दोन दिवस दोष केबलला दिला. एक ठेवा, दुसऱ्याची सेवा बंद करा. आणि दादा, शेडमध्ये रास्पबेरी पाय हा छोटा संगणक असेल तर त्याच्या प्रणालीत २०२३ च्या बुकवर्म आवृत्तीपासून आधीच्या डीएचसीपीसीडी प्रोग्रामच्या जागी नेटवर्कमॅनेजरच येतो. डीएचसीपीसीडीच्या जुन्या फाइलीत स्थिर पत्ता लिहून उपयोग नाही. एनएमटीयूआय हा नेटवर्कमॅनेजरचा मेनू उघडा, पडद्यावरच सगळं भरता येतं.

कातळसडा:
पाय नाही, जुना डेस्कटॉप आहे. लाइन एकच, पत्ता स्थिर, कोणी हात लावत नाही. तिथे मी नेटवर्कडीच ठेवणार. आईंच्या लॅपटॉपचं म्हणाल तर तिथे माझी स्क्रिप्ट नको, हे मान्य. पण ६० सेकंद केलेत ते फायबर काढून एकदा तपासा. नुसती केबल उपटून कळायचं नाही.

खाडीकाठ:
आत्ताच राउटरमागची फायबर काढली. मिनिटभर पान अडलं, मग हॉटस्पॉटवरून उघडलं.