मदत हवी आहे: कायमचं परदेशी जाताना हँड कंट्रोलवाली गाडी सोबत न्यावी का?

नमस्कार मंडळी. थोडं सविस्तर लिहितो. नुसतं "गाडी न्यावी का?" विचारलं तर "विकून मोकळे व्हा" असंच उत्तर येणार, आणि बहुतेकांच्या बाबतीत ते बरोबरही आहे. माझी अडचण जरा वेगळी आहे.

माझा उजवा पाय लहानपणी पोलिओने गेला. कॅलिपर (पायाला आधार देणारी पट्ट्यांची चौकट) लावतो, एका कुबडीने चालतो. पाच वर्षांपूर्वी ऑटोमॅटिक गाडी घेतली आणि तिला हँड कंट्रोल बसवून घेतले. स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला एक दांडा आहे. तो ओढला की गाडी वेग घेते, पुढे ढकलला की ब्रेक लागतो. उजव्या हाताला स्टिअरिंगवर गोल मूठ आहे. मनगट न वाकवता ब्रेक पूर्ण दाबता यावा म्हणून बसवणाऱ्या कारागिराने त्या दांड्याची लांबी तीनदा बदलली आणि मग तो वेल्डिंग करून पक्का केला. मुठीवरचं रबर आता माझ्या तळव्याच्या आकाराने झिजलं आहे. ही गाडी येईपर्यंत मला कुठेही जायचं तर आधी कुणाला तरी वेळ आहे का ते विचारावं लागायचं.

बायकोची बदली होते आहे आणि आम्ही तिकडेच स्थायिक व्हायचं ठरवलं आहे. कंपनीने ऑस्ट्रेलिया आणि जर्मनी असे दोन पर्याय दिलेत, महिन्याभरात कळवायचं आहे. सामान नेण्याचा खर्च कंपनी करेल, गाडीचा नाही. गाडी उजव्या स्टिअरिंगची, पेट्रोल, कर्ज फिटलेली.

मला विचारायचं ते असं. अशी बदल केलेली गाडी तिकडे रजिस्टर होते का? जहाजावर चढवताना परका माणूस ती चालवणार, तेव्हा त्या दांड्याचं काय? आणि मुख्य म्हणजे, गाडी नेली नाही तर तिकडे माझ्या हातात पुन्हा स्टिअरिंग यायला किती काळ जाईल? बायको म्हणते, "मी आहे ना, सोडेन तुला." ती खरंच सोडेल. पण मला तेच नको आहे.

प्रतिसाद १

दादा, विका. नवीन देशात नवीन गाडी घ्या. जुनी गाडी जहाजाने नेण्यात कुणाचाच फायदा झालेला मी पाहिला नाही.

धागाकर्ता

धन्यवाद. फायद्याचा हिशेब मी करतच नाहीये. थोडं नुकसान सोसायची तयारी आहे. पण तिकडे गेल्यावर गाडी दारात नुसती उभी राहिली तर ते मला सोसवणार नाही.

प्रतिसाद २

मी जर्मनीत राहते, म्हणून फक्त इथलं सांगते.

कराची बाजू लोक घाबरतात तेवढी वाईट नाही. युरोपीय संघाबाहेर सलग किमान १२ महिने राहिलेला माणूस इथे राहायला येत असेल आणि गाडी किमान ६ महिने त्याच्या वापरात असेल, तर ती घरसामानासारखी करमुक्त आणता येते. पुढचे १२ महिने ती विकायची नाही, भाड्याने द्यायची नाही, कुणाला वापरायलाही द्यायची नाही. या सवलतीत बसला नाहीत तर १०% आयात शुल्क, आणि शुल्कासकट जी रक्कम होईल तिच्यावर १९% व्हॅट. म्हणजे शंभराची गाडी १३०.९० ला पडते. त्या शंभरात जहाजभाडं आणि विमाही धरतात, हे पुष्कळांना माहीत नसतं.

खरी लढाई त्यानंतरची आहे. उजव्या स्टिअरिंगची गाडी इथे रजिस्टर होते, बंदी नाही. पण तुमच्या गाडीकडे युरोपचं अनुरूपता प्रमाणपत्र, म्हणजे गाडी तिथल्या नियमांत बसते असा उत्पादकाचा कागद, नसेल, तर टीयूव्हीसारख्या तपासणी संस्थेकडून एकट्या त्या गाडीची वेगळी तपासणी करून घ्यावी लागते. हेडलाइट तर बदलावेच लागतील. रस्त्याच्या डाव्या बाजूने चालणाऱ्या गाडीचा लो बीम डावीकडे थोडा वर चढवलेला असतो, कडेचं दिसावं म्हणून. तीच गाडी उजव्या बाजूने चालवली की तो चढवलेला प्रकाश थेट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. काचेवर पट्टी चिकटवणं फिरायला आलेल्यांसाठी ठीक आहे, इथे राहणाऱ्याला चालत नाही.

आता जे कुठल्या फॉर्मवर लिहिलेलं नसतं ते सांगते. माझ्या दिरांची इथे काही वर्षं उजव्या स्टिअरिंगची गाडी होती. पार्किंगच्या तळघरात शिरताना तिकिटाचं मशीन डाव्या हाताला येतं आणि चालक बसलेला असतो उजवीकडे. ते दर वेळी हँडब्रेक ओढायचे, उतरायचे, गाडीला वळसा घालून तिकीट घ्यायचे आणि पळत परत यायचे. मागच्याचा हॉर्न सुरूच. दोन पाय धड असलेला माणूस त्याला वैतागला होता. तुम्ही एकटे असाल तर कॅलिपर आणि कुबडी घेऊन ते रोज करणार का? ट्रकला ओलांडतानाही समोरचं दिसायला गाडी जवळजवळ पूर्ण बाहेर काढावी लागते, कारण तुम्ही कडेच्या बाजूला बसलेले असता.

म्हणून जर्मनी ठरलं तर माझं मत स्पष्ट आहे, ही गाडी आणू नका. आणि लायसन्सचं आधी बघा. बाहेरच्या देशाच्या लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून सहाच महिने चालवता येतं. लायसन्सवर आकड्यांचे कोड असतात, उदाहरणार्थ ७८ म्हणजे फक्त ऑटोमॅटिक. हातांनी चालवण्याचेही वेगळे कोड आहेत. ते काम गाडीआधी सुरू करा.

प्रतिसाद ३

मी मालवाहतुकीच्या धंद्यात आहे, जहाजाचं मी सांगतो.

दोन मार्ग आहेत. रो-रो जहाजात गाडी चालवत चढवतात आणि चालवतच उतरवतात. कंटेनरमध्ये गाडी आत नेऊन चाकांना ठोकळे लावतात आणि पट्ट्यांनी करकचून बांधतात. दोन्हीकडे गोदीचा माणूसच गाडी चालवतो, तुम्ही नाही. तुमचे मूळ पेडल जागेवर आहेत ना? मग तो पायाने चालवेल. धोका एवढाच की आत-बाहेर होताना त्याचा गुडघा नाहीतर हात दांड्याला लागायचा आणि गाडी झेपावायची. निघणारी मूठ काढून स्वतःजवळ ठेवा. दांडा सुटत नसेल तर मोठ्या अक्षरांत कागद लिहून स्टिअरिंगवर चिकटवा आणि बुकिंग करतानाच लेखी कळवा. रो-रोसाठी टाकीत पाव किंवा त्याहून कमी पेट्रोल, आणि गाडीत घरचं सामान ठेवायचं नाही. कंटेनर तुम्हाला जास्त बरा, कारण गाडी कमी वेळा हलवली जाते. पण २० फुटी कंटेनर आतून जेमतेम २.३५ मीटर रुंद असतो, आत गाडीचं दार अर्धवटच उघडतं. आत घेणारा माणूस अंग चोरून बाहेर येतो, आणि तेव्हाच पाय दांड्याला अडकतो.

विमा काढताना "फक्त पूर्ण नुकसान" आणि "सर्व जोखमी" यांतला फरक विचारून घ्या. पहिल्यात ओरखडा, चेप, तुटलेला दांडा यांचं काही मिळत नाही. आणखी एक गोष्ट लोकांना धक्का देते, ती म्हणजे जनरल ॲव्हरेज. जहाज वाचवण्यासाठी मुद्दाम खर्च किंवा नुकसान करावं लागलं, तर तो बोजा जहाजमालक आणि ज्यांचा माल त्यावर आहे ते सगळे वाटून घेतात. तुमच्या गाडीला काहीही झालेलं नसलं तरी. २०२१ साली सुएझ कालव्यात अडकलेल्या एव्हर गिव्हन या जहाजावर हे जाहीर झालं होतं. विमा नसेल तर तुमचा वाटा किंवा हमी भरेपर्यंत माल हातात मिळत नाही. आणि जहाजं बुडतातही. २०२२ च्या फेब्रुवारीत फेलिसिटी एस या गाड्यांच्या जहाजाला अझोर्स बेटांजवळ आग लागली आणि १ मार्चला ते सुमारे ४,००० गाड्यांसकट तळाला गेलं. तुम्हाला घाबरवायला लिहीत नाहीये. विम्याच्या रकमेत हँड कंट्रोलची किंमत आणि बसवण्याची मजुरी वेगळी दाखवा, नाहीतर भरपाई साध्या गाडीची मिळेल.

जहाजभाड्याचा एक आकडा बघून निर्णय घेऊ नका. बंदरापर्यंतची वाहतूक, दोन्हीकडची हाताळणी, कस्टम एजंट, तपासणी, आणि कागद अडकला तर गोदीत पडून राहण्याचं रोजचं भाडं. माझ्याकडे रडत आलेली माणसं बहुतेक या शेवटच्या बाबीने रडलेली आहेत.

प्रतिसाद ४

तुमचा धागा काल रात्री दोनदा वाचला. माझे दोन्ही पाय कमजोर आहेत, मीही हातानेच चालवतो, आणि काही वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियाला आलो. गाडी आणली नाही. का, ते सांगतो.

इथे गाडी डाव्या बाजूनेच चालते, त्यामुळे वरच्या ताईंनी लिहिलेली तिकिटाची अडचण येत नाही. तुम्ही परदेशात सलग १२ महिन्यांहून जास्त गाडी बाळगली आणि वापरली आहे, तो मुद्दाही तुमच्या बाजूने आहे. पण इथे क्रम चुकवायचा नाही. आयातीची परवानगी आधी हातात, मग गाडी जहाजावर. परवानगीशिवाय बंदरात आलेली गाडी परत पाठवावी लागते किंवा नष्टही होते. परवानगीसाठी तुमचा इथे कायम राहण्याचा हक्क कोणत्या टप्प्यावर आहे तेही बघतात, म्हणून बायकोचा व्हिसा कुठल्या प्रकारचा आहे ते आधी नीट वाचा. घरसामानाची करसवलत इथे गाडीला लागू नाही. सर्वसाधारणपणे ५% शुल्क आणि १०% जीएसटी धरून चला. ॲस्बेस्टॉस अजिबात चालत नाही, ब्रेकच्या पॅडमध्ये किंवा गॅस्केटमध्येसुद्धा. आणि चाकांच्या आतल्या बाजूला चिखल, जाळीत अडकलेलं बी, वाळकं पान सापडलं तर जैवसुरक्षावाले तुमच्या खर्चाने गाडी धुऊन घेतात.

हे सगळं जमण्यासारखं आहे. मी थबकलो ते तुमच्या "वेल्डिंग" या शब्दापाशी. गाडीतले असे बदल इथे त्या-त्या राज्याच्या नियमांप्रमाणे तपासून प्रमाणित करून घ्यावे लागतात. माझ्या गाडीतला बदल प्रमाणित करणाऱ्या इंजिनिअरने पहिलाच प्रश्न केला, दांडा कशाला धरून आहे आणि तो सुटा होतो का? स्टिअरिंग कॉलमला किंवा ब्रेकच्या पेडलला वेल्डिंग केलेलं असेल तर तो ते काढायला लावेल असं मी धरून चालेन. म्हणजे ज्यासाठी गाडी आणायची तेच बंदरातून बाहेर आल्यावर निघून जाईल. तुमच्या कारागिराने काम वाईट केलं असं मी म्हणत नाही. उलट मनगट न वाकवता ब्रेक लागतो म्हणजे त्याने फार चांगलं काम केलंय. पण ते चांगलं काम मापात आहे, आणि मापं बरोबर आणता येतात.

मी तेच केलं. जुन्या गाडीत बसून मुलीकडून टेपने सगळं मोजून घेतलं. बाजूने, वरून, मागच्या सीटवरून फोटो काढले. इथे ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून (रोजची कामं स्वतः करता यावीत म्हणून मदत करणारे तज्ज्ञ) गाडी चालवण्याची तपासणी करून घ्यावी लागली. ती बाई ती मापं बघून म्हणाली, अर्धं काम झालं. हँड कंट्रोल बसवलेल्या शिकवणीच्या गाडीत काही तास चालवलं, मग वापरलेली ऑटोमॅटिक घेतली आणि तिला बोल्टवर बसणारा दांडा लावून घेतला. उतरल्यापासून चावी हातात येईपर्यंत साडेचार महिने लागले. त्यातला जवळजवळ तीन महिन्यांचा काळ फक्त तपासणीची तारीख मिळण्यात गेला. ती तारीख मी निघण्याआधी ईमेल करून मागू शकलो असतो, हे मला इथे आल्यावर कळलं.

ते साडेचार महिने कठीण गेले, खोटं बोलणार नाही. मधल्या काळासाठी एक सांगतो. मोठ्या भाड्याच्या गाड्यांच्या कंपन्यांपैकी काही जण आगाऊ कळवलं तर हँड कंट्रोल बसवून देतात. तुमचं लायसन्स त्यासाठी चालतं का, ते मात्र आधी लेखी विचारा.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. काल कारागिराला फोन केला. दांड्याचा कंस ब्रेकच्या पेडललाच वेल्डिंग केलेला आहे, बोल्ट नाहीत. तो म्हणाला, "साहेब, तेव्हा तुम्हीच म्हणालात हलता कामा नये."

गाडी नेत नाही. बायको ऑस्ट्रेलियाच्या बाजूने कळवते आहे. आज मी तिथल्या तीन थेरपिस्टना ईमेल पाठवले, माझं लायसन्स, बदलांची नोंद असलेलं गाडीचं पुस्तक आणि डॉक्टरांचा कागद जोडून. तारीख मिळाली तर आमचं निघणं तिच्या आसपास ठेवू, बायकोचा साहेब त्याला कबूल आहे.

संध्याकाळी आम्ही दोघं गाडीत बसलो. तिने टेप धरली, मी आकडे लिहिले. सीटच्या पाठीपासून दांड्याच्या टोकापर्यंत ६१ सेंटीमीटर, ब्रेक पूर्ण दाबल्यावर ७२. सीट रुळावर मागून चौथ्या खाचेत. आणखी कुठली मापं घेऊ? गाडी अजून सहा आठवडे माझ्याकडे आहे.

प्रतिसाद ४

मुठीचं स्टिअरिंगच्या मध्यापासूनचं अंतर, आणि गाडी सरळ असताना ती घड्याळाच्या कुठल्या आकड्यावर येते ते. दांड्याची जाडी, कारण पकड त्यावर ठरते. कोपर कुठे टेकतं तेही बघा. आणि दरवाजा पूर्ण उघडल्यावर सीटच्या कडेपासून त्याचं अंतर मोजा. कॅलिपरचं कुलूप न उघडता पाय आत घेता येईल एवढी जागा कुठल्या गाडीत आहे, हे इथे गाडी बघायला जाल तेव्हा सगळ्यात आधी लागेल.