कार्बोरेटर आणि एमपीएफआयमध्ये नेमका फरक काय? जुनी ८०० आहे, सल्ला हवाय

इंदिरानगरकर
नमस्कार मंडळी, बाबांची १९९६ ची मारुती ८०० आहे, कार्बोरेटरवाली. खूप जपलीय त्यांनी, विकायची अजिबात नाही. त्रास दोन आहेत, थंडीत सकाळी चोक ओढल्याशिवाय सुरूच होत नाही, आणि मे महिन्यात कसारा घाट चढून इगतपुरीला चहाला थांबलो की परत स्टार्ट व्हायला रडवते. बायकोची नवी गाडी त्याच रस्त्याने निवांत जाते. पेट्रोल तेच, मग आत बदललं काय? एक गॅरेजवाला म्हणतो एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणारी यंत्रणा) करून टाका. करू का?

अंबडचा मिस्त्री
दादा, तसलं काही करू नका. वायरिंग, टाकी, पंप, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) सगळंच बदलावं लागेल, गाडीच्या किमतीपेक्षा जास्त खर्च आणि मूळ गाडी गेली ती गेलीच.

फरक असा की कार्बोरेटरमध्ये पेट्रोल हवेच्या ओढीने येतं. इंजिन हवा ओढतं, ती अरुंद गळ्यातून जोरात जाते, तिथला दाब पडतो आणि फ्लोट चेंबरमधलं (कार्बोरेटरमधली पेट्रोलची छोटी वाटी) पेट्रोल जेटच्या बारीक भोकातून वर खेचलं जातं. भोक ठरलेलं, इंजिन गार का गरम ते त्याला कळत नाही. गार इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीला, आतून चिकटून बसतं, म्हणून चोकने हवा अडवून जास्त पेट्रोल ओढायचं. त्यामुळे थंडीत चोक लागणं हा बिघाड नाहीच, फक्त इंजिन तापेल तसा हळूहळू आत ढकला.

एमपीएफआयमध्ये टाकीतच इलेक्ट्रिक पंप असतो, साधारण ३ बार दाबाने पेट्रोल पाठवतो, प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा) आणि तो किती मिलिसेकंद उघडायचा ते ईसीयू ठरवतो. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर सतत सांगत असतो जास्त झालं का कमी. वजनाने १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल, हे जमलं तरच धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर धड काम करतो, आणि २००० च्या आसपास प्रदूषणाचे नियम कडक झाले तेव्हा कार्बोरेटर गेले ते याच्यामुळेच.

घोटी_टोलनाका
घाटाचं मी सांगतो. ८०० चा पेट्रोल पंप इंजिनलाच बसवलेला असतो, तो टाकीतून पेट्रोल ओढतो. ओढणाऱ्या लाईनमध्ये दाब कमी त्यात बॉनेटखाली भट्टी, पेट्रोल लाईनमध्येच उकळतं आणि पंप नुसती वाफ ओढत बसतो. नव्या गाडीत पेट्रोल दाबाखाली असतं म्हणून सहसा उकळत नाही.

पण चहाला थांबल्यावर कार्बोरेटरमधलंच पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये सांडतं असंही होतं. आधी वास घ्या. पेट्रोलचा उग्र वास असेल तर ओव्हर झालीय, म्हणजे इंजिनात गरजेपेक्षा जास्त पेट्रोल गेलंय, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून सेल्फ मारा, पंपिंग करू नका, दरवेळी अजून पेट्रोल आत जातं. वास नसेल तर पंपावर ओलं फडकं ठेवा आणि जरा थांबा.

आणि नवी गाडी कसारा उतरताना न्यूट्रल करू नका हो! गिअरमध्ये पाय उचलला की ईसीयू इंजेक्टर बंदच करतो, पेट्रोल शून्य. न्यूट्रलला उलट आयडलिंगचं जळतं, शिवाय इंजिन ब्रेकिंग जातं ते वेगळंच.

इंदिरानगरकर
वास येतो, चांगलाच येतो! म्हणजे ओव्हरच होतेय. आणि आता ई२० पेट्रोल (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) आहे त्याचं काय?

अंबडचा मिस्त्री
मग फ्लोटची लेव्हल आणि नीडल व्हॉल्व्ह तपासून घ्या, नीडल झिजली की पेट्रोल अडतच नाही, घाट नसला तरी ओव्हर होणार. ई२० चं म्हणाल तर इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, पेट्रोल थोडं जास्त द्यावं लागतं, ईसीयू ते आपोआप वाढवतो पण जेटचं भोक तेवढंच राहतं त्यामुळे मिक्श्चर पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), पिकअप मरतो. जुनं रबरही फुगतं, कडक होतं. पंपाचा डायफ्राम (आतला रबरी पडदा) आणि सगळे पेट्रोल पाईप बदला, इथेनॉलला चालणारेच मागा. अर्धवट जुने ठेवू नका, बॉनेटखाली पाईप चिरला तर आग लागू शकते.