सरासरी नको, एक पक्का सिनेमा धरा

सिनेमाला गुण देताना अभिनय, संगीत, छायाचित्रण यांना वेगळे गुण देऊन सरासरी काढायची पद्धत काही जण सुचवतात. मला पटत नाही. त्यात सिनेमाचा जीवच बुडतो.

आमच्या विदर्भावरचा सतीश मनवरांचा 'गाभ्रीचा पाऊस' (२००९) घ्या. शेतकरी नवरा जिवाचं बरंवाईट करेल या धास्तीनं त्याची बायको अलका पोराला त्याच्या मागे पाळतीवर धाडते. दुबार पेरणी भोगलेल्या घरात ते बघवत नाही. याला कोणत्या रकान्यात गुण देणार?

मी पाचाच्या मापात चारावर हा सिनेमा पक्का धरलाय. नवा पाहिला की यापेक्षा वर की खाली, एवढंच ठरवतो, तेही दुसऱ्या दिवशी. लाइन गेल्यामुळे मोबाइलवर तुकड्यातुकड्यांनी पाहिलेल्याला मात्र गुणच देत नाही.