जुना याहूचा ईमेल तसाच सोडून दिला तर काय होतंय?

लातूरकर८९:
मंडळी, बारावीनंतर इंजिनिअरिंगच्या फॉर्मसाठी औसा रोडला नेट कॅफेत याहूचा ईमेल काढला होता. आता सगळं जीमेलवरच चालतंय, याहू उघडून लई वर्षं झाली. म्युच्युअल फंडाला अजून तोच दिलेला हाय बहुतेक. डिलीट करावं का पडू द्यावं? मित्र म्हणायलेत, कोण बघतंय तुझे जुने मेल.

परभणी_एक्सप्रेस:
पडू देऊ नको अन् घाईत डिलीट बी करू नको. जुने मेल कुणी वाचेल हे सोड, खरी भीती पुढं येणाऱ्या मेलची हाय. कुठल्याबी साईटवर "पासवर्ड विसरलात" दाबलं की लिंक त्याच पत्त्यावर जाती, म्हणजे तो पत्ता ज्याच्या हातात त्याच्याच हातात तुझी बाकीची खाती. याहूनं २०१३ मध्ये वर्षभर न वापरलेले आयडी दुसऱ्यांना दिले होते आणि त्या लोकांना आधीच्या मालकाचे मेल यायला लागले. जीमेलचं तसं नाही, डिलीट झालेला पत्ता परत कुणालाच मिळत नाही, पण २ वर्षं हात नाही लावला तर गुगल खातंच उडवू शकतं. आणि फंडाचं एकत्रित स्टेटमेंट उघडायचा पासवर्ड म्हणजे आपला पॅन, अन् पॅनच्या झेरॉक्सा तर आपण गावभर वाटलेल्या असतात.

सेतू_जालना:
रिकव्हरी नंबर, म्हणजे पासवर्ड विसरला तर ओटीपी ज्यावर येतो तो, कुणाचा हाय ते आधी बघा. आमच्याकडं येणाऱ्या कितीतरी पोरांच्या ईमेलला कॅफेवाल्याचा नाहीतर बंद पडलेल्या सिमचा नंबर असतो. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्याला देता येतो, मग ओटीपी त्याला.

लातूरकर८९:
लॉगिन झालं, पण इनबॉक्स पार कोरा. आणि नंबर खरंच कॅफेवाल्याचाच हाय.

परभणी_एक्सप्रेस:
१२ महिने लॉगिन नसलं की याहू मेल पुसून टाकतं, त्यामुळं हा पत्ता कुठं कुठं दिलाय ते आता इनबॉक्समध्ये सर्च करून सापडायचं नाही, उलट्या बाजूनं जावं लागंल. फंड, पीएफ, इन्कम टॅक्स, बँक, प्रत्येकाच्या प्रोफाइलमध्ये जाऊन कोणता ईमेल हाय बघ अन् बदल. कॅफेवाल्याचा नंबर मात्र आत्ताच काढ, तुझा टाक, टू-स्टेप (पासवर्डसोबत ओटीपीबी मागणारी सोय) चालू कर. मग वर्षभर अधूनमधून उघडत राहा, वर्षातनं एकदाच मेल टाकणारे विमेवाले तवाच सापडतेत.

लातूरकर८९:
नंबर बदलला. फंडाचं आज रात्री करतो.